तिसऱ्या दिवशी सावडायला गेलेल्या बायका

(ठाण्यात एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप.)

मंडळी, नमस्कार. ओळख करून देताना मला दोनदा ‘फादर’ म्हटलं गेलं. तेवढी दुरुस्ती आधी करून घेतो. मी फादर नाही. मी शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, दोन मुलींचा बाप आहे, आणि तलावपाळीशेजारच्या चर्चमध्ये रविवारी मागच्या बाकावर बसतो. तेव्हा आज जे सांगणार आहे ते मागच्या बाकावरचं आहे असं समजा.

विषयही माझा नाही. गेल्या ईस्टरला शेजारच्या वहिनींकडे मार्झिपानची अंडी द्यायला गेलो होतो. दारातच त्यांनी विचारलं, “सर, तुमच्यात पुनर्जन्म मानत नाहीत ना? मग येशूचा पुनर्जन्म झाला तो कसा?” हातात ताट, खाली लिफ्टसाठी कुणीतरी ओरडतंय, अशा वेळी या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. मी “नंतर सांगतो” म्हणालो. वहिनी आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, तेव्हा आता सुटका नाही.

सुरुवात तुमच्याकडच्या रिवाजापासून करतो. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी सावडायला जातात. माझ्या एका मित्राचे वडील गेले तेव्हा मी त्याच्याबरोबर जवाहरबागेत गेलो होतो. सकाळची वेळ. राखेवर दूध-पाणी शिंपडलं, मग मित्र खाली बसून अस्थी वेचू लागला. रडणं आदल्या दोन दिवसांत होऊन गेलं होतं. आता फक्त काम होतं, आणि ते नीट करायचं होतं. त्याची बोटं किती हळू चालली होती ते मला अजून दिसतं.

शुभवर्तमानातली, म्हणजे येशूच्या चरित्राच्या ग्रंथातली, तो मरणातून उठल्याची, पुनरुत्थानाची गोष्ट अशाच सकाळी सुरू होते. शुक्रवारी येशूला क्रुसावर दिलं. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा वार, लागणार, त्यामुळे घाईघाईत प्रेत खडकात खोदलेल्या कबरेत ठेवलं. विधी अपुरे राहिले. शनिवार विश्रांतीचा. रविवारी उजाडता उजाडता काही बायका सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या. चमत्कार बघायला नव्हे, राहिलेलं काम उरकायला. वाटेत त्यांची चिंता काय, तर कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटून देईल! एक शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कने हे वाक्य लिहून ठेवलंय आणि मला ते फार आवडतं. ज्यांना देव भेटणार आहे त्या बायका धोंडीचा विचार करतायत.

शुक्रवार ते रविवार तीन दिवस कसे, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. दहावं-तेरावं मोजताना आपण तरी कुठे चोवीस-चोवीस तास मोजतो?

तर बायका पोचल्या, धोंड बाजूला होती, आत प्रेत नव्हतं. योहानाच्या शुभवर्तमानात इथे एक बारीक तपशील आहे. येशूचा शिष्य पेत्र धावत येऊन आत शिरतो, तेव्हा प्रेताला गुंडाळलेली तागाची वस्त्रं तिथेच पडलेली असतात. आणि डोक्याला बांधलेला रुमाल त्या वस्त्रांबरोबर नाही, वेगळा गुंडाळून एका बाजूला ठेवलेला. चोर प्रेत नेतील तर कापड सोडत बसणार नाहीत, रुमाल गुंडाळून ठेवणं तर दूरच.

आता गीतेचा दुसरा अध्याय आठवा. जुनी वस्त्रं टाकून माणूस नवी घेतो, तसा आत्मा जीर्ण देह टाकून नवा घेतो. हा श्लोक मी कितीतरी मित्रांच्या घरी, तेराव्याला, ऐकलेला आहे. तिथे देह म्हणजे वस्त्र. यरुशलेमच्या त्या कबरेत नेमकं उलटं चित्र आहे. वस्त्रं मागे राहिली आणि देह गेला. यातलं कुठलं खरं, कुठलं श्रेष्ठ, हे ठरवायला आपण इथे जमलेलो नाही. पण वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन चित्रांच्या मधे आहे. पुनर्जन्मात जो टिकतो तो आत्मा, देह बदलतात. पुनरुत्थानात गेलेला माणूस त्याच्या देहासकट परत उभा राहतो. नवं नाव नाही, नवी आई नाही, नवं गाव नाही.

‘पुनरुत्थान’ या शब्दातला ‘पुनर्’ आपली थोडी दिशाभूल करतो. मूळ ग्रीक शब्द आहे अनास्तासिस. त्याचा जोर ‘पुन्हा’वर नाही, ‘उभं राहण्या’वर आहे. त्यातला ‘स्ता’ आणि संस्कृतमधला ‘स्था’ हे एकाच कुळातले धातू. उत् आणि स्था मिळून उत्थान, त्यातूनच आपलं रोजचं ‘उठणं’ आलं. म्हणजे ईस्टरला आम्ही एकमेकांना “ख्रिस्त उठला आहे” म्हणतो ते भाषांतर म्हणून चोख आहे. झोपलेला उठतो, पडलेला उठतो, तोच शब्द. पुनरुत्थान म्हटलं की उगाच व्यासपीठावर चढल्यासारखं वाटतं.

आणखी एक गल्लत होते, ती आमच्याकडेच जास्त. मेलेला माणूस जिवंत होणं म्हणजे पुनरुत्थान असं धरलं, तर येशूच्या आधी लाजर उठला होता. बेथानी गावचा हा लाजर. चार दिवस झालेले, त्याची बहीण मार्था म्हणते की आता दुर्गंधी येत असेल. येशू हाक मारतो आणि लाजर बाहेर येतो. हातपाय बांधलेले, तोंडाला रुमाल. येशू लोकांना सांगतो, याला मोकळा करा. पण लाजर पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार. त्याला जुनं आयुष्य परत मिळालं, जसं हॉस्पिटलमधून घरी सोडल्यावर मिळतं. त्याला ती कापडं पुन्हा लागणार होती म्हणून तो ती घेऊनच बाहेर आला. येशूने ती आत सोडली. जुन्या वाचकांनी हा फरक फार पूर्वी हेरलेला आहे, माझी हुशारी नव्हे. लाजर मरणाच्या वाटेवरून मागे फिरला. येशू पलीकडून बाहेर पडला, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे.

ही कल्पना आली कुठून? ख्रिस्ती लोकांनी ती शोधली नाही. ती यहुदी आहे, आणि तिच्या मुळाशी सांत्वन कमी, न्यायाची मागणी जास्त आहे. ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमारास अंतियोख चौथा या ग्रीक राजाने यहुद्यांचा धर्म मोडायचा घाट घातला. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात सात भावांची कथा आहे. धर्मशास्त्राने वर्ज्य केलेलं मांस खात नाहीत म्हणून आईच्या डोळ्यांदेखत एकेकाचे हाल करून मारतात. तिसरा भाऊ आपण होऊन हात पुढे करतो. हे मला देवाने दिले, म्हणतो, आणि त्याच्याकडूनच परत मिळतील. हात परत हवेत! आत्म्याला शांती मिळेल हे त्याला पुरत नाही. राजाने जे तोडलं तेच देवाने जोडून दिलं पाहिजे, नाहीतर राजा जिंकला. येशूच्या काळापर्यंत यहुद्यांमधल्या दोन पंथांपैकी परूशी हे मानत होते, सदूकी मानत नव्हते, आणि त्यावरून कडाक्याचे वाद होते.

आपल्या ठाण्यात शार हाशमाईम हे बेने इस्रायली मंडळींचं, म्हणजे मराठी यहुद्यांचं, सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) आहे, १८७९ चं. यहुद्यांच्या रोजच्या तीन वेळच्या प्रार्थनेत आजही मृतांना जिवंत करणाऱ्या देवाची स्तुती आहे. म्हणजे हा विषय ठाण्याला काही नवा नाही. मुसलमान बांधवांच्या कयामतीचं मूळही याच घराण्यातलं, पण तो वेगळा तास होईल.

आता थोडं भूगोलाच्या मास्तरासारखं, जमीन उकरून बोलतो. पहिल्या शतकात यरुशलेममध्ये पुष्कळ घरांत दोनदा दफन करायची रीत होती. आधी प्रेत खडकातल्या कबरेत ठेवायचं. साधारण वर्षाने, मांस झडलं की, हाडं गोळा करून चुनखडीच्या लहान पेटीत भरायची. पेटीवर नाव कोरायचं. त्यांचंही एक सावडणंच. १९६८ साली यरुशलेमच्या उत्तरेला गिवात हामिवतार इथे बांधकाम चालू असताना अशा कबरी सापडल्या. त्यातल्या एका पेटीवर योहानान हे नाव होतं. आत त्याच्या उजव्या टाचेचं हाड, आणि त्या हाडातून आरपार गेलेला सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा. खिळ्याचं टोक वाकलेलं. बहुधा म्हणूनच तो काढता आला नाही आणि हाडाबरोबर घरच्यांनी तसाच पेटीत ठेवला.

रोमनांनी हजारो माणसं क्रुसावर दिली, पण त्याची हाडात रुतलेली खूण फार क्वचित हाती लागली आहे, त्यातली ही एक. योहानानचा येशूशी काही संबंध नाही. मला त्या घरच्या माणसांचं वाटतं. वर्षाने हाडं वेचताना तो खिळा हाताला लागला असेल, तेव्हा त्यांनी काय केलं असेल?

शुभवर्तमानाकडे परत येतो. उठलेला येशू शिष्यांना भेटतो आणि ओळखूच येत नाही. कबरेवर गेलेल्या बायकांतल्या मग्दालीया मरीयेला तो माळी वाटतो. अम्माऊसच्या वाटेवर दोघं जण त्याच्याबरोबर मैलोन्‌मैल चालतात तरी त्यांना पत्ता लागत नाही. ज्याला स्वतःची फुशारकी मारायची आहे अशा धर्माने या गोष्टी कापल्या असत्या. मरीया त्याला ओळखते ती तोंडून स्वतःचं नाव ऐकून. अम्माऊसचे दोघे ओळखतात ते त्याने भाकर मोडल्यावर. आणि थोमा?

येशूचा शिष्य थोमा आम्हा भारतीय ख्रिस्तींचा घरचा माणूस. तो इसवी सन ५२ मध्ये केरळात आला आणि मैलापूरला त्याला हौतात्म्य आलं, अशी परंपरा आहे. बाकीचे सांगतात, आम्ही प्रभूला पाहिलं. थोमा म्हणतो, त्याच्या हातांतल्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही. लोक याला शंकेखोर म्हणतात. मला तो सावडणाऱ्यांतला वाटतो. त्याला तेजोवलय नको आहे, चेहऱ्यावरही त्याचा भरवसा नाही. तो खुणा मागतो. आठ दिवसांनी येशू येतो आणि हात पुढे करतो.

जखमा तशाच आहेत. मरण जिंकलेल्या देहावर जखमा कशाला हव्यात? देवाला एवढं सगळं करता आलं, मग चार भोकं बुजवता आली नसती? इथे माझं मत सांगतो, मागच्या बाकावरचं. त्या बुजवल्या असत्या तर उठला तो दुसराच कुणीतरी झाला असता. शुक्रवार घडलाच नाही, असं म्हणण्यासारखं झालं असतं. पुनरुत्थान म्हणजे मरण खोडरबरने पुसणं नव्हे. जे झालं ते झालं, त्याच्यासकट हा माणूस उभा आहे.

आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले सगळे दिवे घालवतात. बाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात. तलावपाळीला ‘सगळे दिवे’ म्हणजे आतले. बाहेर पाणीपुरीच्या गाड्यांचा उजेड आणि रिक्षांचे हॉर्न चालूच असतात. त्या मेणबत्तीवर क्रूस कोरलेला असतो, चालू सालाचे चार आकडे असतात, आणि क्रुसावर धुपाचे पाच दाणे खोचतात. दोन हात, दोन पाय, एक कूस. म्हणजे उजेडालाच जखमा आहेत. लहानपणी मी ते दाणे मोजायचो. एका वर्षी एक दाणा गळून पडला, तेव्हा माझ्यापुढच्या आजींनी तो उचलून शांतपणे पर्समध्ये टाकला.

पहिल्या शतकातल्या पौल या ख्रिस्ती प्रचारकाने करिंथ शहरातल्या लोकांना पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो, कुणी विचारेल, मेलेले उठतात कसे? कोणत्या देहाने येतात? पौलाचा पहिला शब्द ‘मूर्खा’ असा आहे. शिक्षकी पेशात हल्ली असं बोलता येत नाही. पण पुढचं उत्तर शेतकऱ्याचं आहे. तू पेरतोस तो नुसता दाणा, उगवतं ते रोप. पालघरकडे भात लावणाऱ्याला हे फोडून सांगायला नको. लोंबी दाण्यासारखी दिसत नाही, तरी ती त्या दाण्याचीच असते, शेजारच्या शेतातल्या दाण्याची नव्हे. सडलेली हाडं जशीच्या तशी जुळवून चालायला लागतील असं पौल म्हणत नाही. आणि देह सुटला, आत्मा उडाला असंही म्हणत नाही.

हे पत्र इसवी सन ५५ च्या आसपासचं. येशू पिलात या रोमन सुभेदाराच्या कारकिर्दीत, म्हणजे २६ ते ३६ या वर्षांत कधीतरी मारला गेला. म्हणजे मधे फार तर तीस वर्षं. पौल साक्षीदारांची यादी देतो. केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, मग एकदम पाचशेहून अधिक बंधू, त्यातले बरेचसे अजून हयात आहेत म्हणतो. या यादीत बायका नाहीत! चारही शुभवर्तमानांत मग्दालीया मरीया कबरेवर पोचते, पौलाच्या यादीत ती गळली. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, म्हणून गोष्ट रचायचीच असती तर पहिली साक्ष बाईची ठेवली नसती, असं अभ्यासक म्हणतात. मलाही ते पटतं. पण कोर्टात पुरावा म्हणून ते टिकणार नाही, हेही कबूल करतो. इतिहास इथवर येतो की, आपल्याला तो भेटला अशी या माणसांची खात्री झाली होती आणि त्यांनी त्यापायी मार खाल्ला. पुढची पायरी इतिहासाची नाही.

मार्कचा शेवट तर याहून गमतीचा. त्याच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या, गोष्ट सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर, आमच्या भाषेत वचनावर, थांबते. बायका कबरेतून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या घाबरल्या होत्या. संपलं. नंतरच्यांना हे असह्य होऊन त्यांनी पुढची वचनं जोडली. मला जुना शेवट खरा वाटतो. सावडायला जावं आणि राखच नसावी, तर कुणीही घाबरेल.

मघाशी चिठ्ठी आली आहे, “तुमच्यात जाळलेल्या माणसाचं काय होतं?” चांगला प्रश्न. इसवी सन १७७ मध्ये फ्रान्समधल्या लियोंला ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं जाळून राख रोन नदीत टाकली होती. पुनरुत्थानाची आशा उरू नये, असा मारणाऱ्यांचा हिशेब. ख्रिस्ती लोक डगमगले नाहीत, देव काही हाडं मोजून काम करत नाही म्हणाले. तरी पुरण्याची ओढ राहिलीच. कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली ती १९६३ साली, आणि २०१६ मध्ये सांगितलं की राख विखरू नका, पवित्र जागी ठेवा.

अस्थींचा मोह ठाण्यालाही ठाऊक आहे. १३२१ साली इथे तोलेंतीनोचा थॉमस हा ख्रिस्ती साधू आणि त्याचे तीन सोबती मारले गेले. काही वर्षांनी ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी आला. त्याने त्यांच्या अस्थी उचलल्या आणि जहाजाने थेट चीनच्या झैतून बंदरापर्यंत नेल्या. ठाण्याची माती ती, केवढ्या लांब गेली!

जागेची टंचाई मात्र ओडोरिकला माहीत नव्हती. आमच्याकडे आता कबर कायमची मिळत नाही. काही वर्षांनी उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, पुढच्याला जागा करून देतात. पहिल्या शतकातलं यरुशलेम आणि आजचं ठाणे, दोन्हीकडे तीच पद्धत. तिकडे रीत होती, इकडे चौरस फुटांचा हिशेब.

माझ्या डॅडींची कबर उघडली तेव्हा मी आणि आई गेलो होतो. पावसाळा नुकताच सरला होता. कबर खणणाऱ्या मामांनी पांढऱ्या कापडावर एकेक हाड मांडलं, माती झटकून. कवटी दाखवली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. कुणाचीही असू शकली असती. मग मांडीचं हाड आलं, आणि त्याला सहा स्क्रूंनी बसवलेली स्टीलची पट्टी. १९७४ मध्ये सुटती लोकल पकडताना डॅडी ठाणे स्टेशनात पडले होते, तेव्हाची. पाऊस यायचा असला की ते म्हणायचे, पट्टी बोलायला लागली. हाडाचा रंग मातीसारखा झाला होता, पट्टी नुसती फडक्याने पुसल्यावर चकाकली. मी तिथेच खाली बसलो. एवढा वेळ हाडं होती, आता डॅडी होते.

मामांनी विचारलं, “पट्टी काढू का? लोक काढून देतात.” मी आईकडे बघितलं. आई सातवीपर्यंत शिकलेली. पौल, अंतियोख, योहानान, यातलं तिला काही माहीत नाही. तिने कापडाची चारही टोकं स्वतः उचलून गाठ मारली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “उठतील तेव्हा पहिल्यांदा तीच शोधतील. चष्मा, किल्ल्या, पास, त्यांना कधी काही जागेवर सापडलंय?”